खातं बंद करण्याचं कारण

माझे वडील, आबा, गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात काही वेगळं घडलं नव्हतं, असं मी पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले. ते खरं नव्हतं. त्या दुपारी पिरंगुटच्या कुरियरवाल्याकडून मी माझा पासपोर्ट सोडवून आणला होता आणि त्यासोबत पत्र होतं. जर्मनीचा व्हिसा नाकारला होता. कारण दोन ओळींचं होतं: शिक्षणाच्या हेतूबद्दल खात्री पटत नाही. मुलाखतीत, शिकून झाल्यावर परत येणार का, असं विचारलं तेव्हा मी उत्तराला उशीर लावला होता. एवढंच मला आठवत होतं.

साल २००९, श्रावण संपत आलेला. पत्र पर्समध्ये घालून मी भरे फाट्यावर उतरले, तर आबा आणि विश्रामतात्या, माझे चुलते, विजेच्या खांबाला फ्लेक्स बांधत होते. तात्यांनी शिडी धरली होती. फ्लेक्सवर वरच्या बाजूला चार पुढाऱ्यांचे फोटो, खाली कोपऱ्यात माझा. 'उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या कु. साधना हिचे हार्दिक अभिनंदन.' फोटो व्हिसाच्या अर्जातलाच होता.

"हसायला काय झालं हुतं तुला?" शिडीवरून आबांनी विचारलं. "दवाखान्यात आल्यावानी दिसतीया."

"हसलेला फोटो चालत नाही त्यांना."

"अजब लोक हायेत," तात्या म्हणाले. "आन् एकनाथा, पुढाऱ्यांचं दात मोजता येत्यात, पोरगी मातर भिंगानं बघाया लागतीया."

"त्यांनी पैसं दिल्यात फ्लेक्सचं," आबा म्हणाले. "आपन फकस्त पोरगी दिली."

दोघे हसले. मीही हसले. पर्स खांद्याला होती आणि रिमझिम सुरू होती, म्हणून ती मी ओढणीखाली घेतली.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण फाट्यावर माणसं होती. घरी गेल्यावर जेवणं होती. जेवणानंतर आबा त्या खात्याबद्दल पुन्हा विचारायला लागले. व्हिसासाठी जर्मनीतल्या बँकेत वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवावे लागत. खातं माझ्या नावाचं, पण तिकडे पोचेपर्यंत त्यातलं काही काढता येत नव्हतं, आणि पोचल्यावरही महिन्याला ठरावीकच. त्यासाठी आबांनी कासार आंबोलीच्या वाटेवरचा चार गुंठ्यांचा तुकडा पुण्याच्या एका बंगलेवाल्याला विकला होता. ही व्यवस्था त्यांना फार आवडली होती.

"दाव्याची म्हैस हाय ती," ते आईला समजावत होते. "म्हैस आपली, गोठा त्यांचा. ही तितं गेली की रोज थोडं दूध."

"आन् न्हाई गेली तर?" आई म्हणाली.

"न जायाला काय झालंय?"

महिन्याभरात फेरविचाराचा अर्ज करता येतो, असं पत्रात लिहिलं होतं. आधी अर्ज करू, मग सांगू, असं मी ठरवलं आणि झोपले. मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आलेली बाई. बोलायची वेळ टाळणारी माणसं मी त्या पुस्तकांतून शेकड्यांनी ओळखत होते, आणि त्यांचा मला कायम राग येत असे.

रात्री वारा होता. सकाळी दूधवाला सांगत आला की फ्लेक्सचा एक कोपरा सुटून लोंबतोय. तात्या पहिल्या पाळीला कंपनीत गेले होते. आबा एकटेच शिडी घेऊन गेले. ओल्या डांबरावर शिडी सरकली. डोकं रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर आपटलं. पौडपर्यंत जीपमध्ये मी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी फार वेळ लावला नाही.

तेराव्याच्या आत त्याच खांबावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लागलं. पुढारी तेच होते.

आता मी जर्मनीला जाणार नाही, हे लोकांनीच ठरवलं. मला काही सांगावं लागलं नाही. भेटायला आलेल्या बायका आईला म्हणायच्या, "नशीबवान हायेस रत्नाबाई. आईसाठी पोरीनं परदेस सोडला." आई मान हलवायची. मी आत चहा टाकत असायचे. फेरविचाराच्या अर्जाची मुदत कधी टळली ते मी पाहिलं नाही.

आईला मात्र हे कौतुक सोसेना. दिवाळीनंतर एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "माज्यापायी तू हितं बसलीस. त्येंचा जीव ज्या कामात गेला, त्ये तरी पुरं कर."

"आई, तो विषय नको."

"का नको? ह्या सालचं गेलं. पुढच्या सालचं तरी हाय का न्हाई? मी काय कुक्कुलं बाळ हाय का?"

मी नेहमीसारखा विषय टाळला आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिला ते माझं मोठेपण वाटलं.

जानेवारीत मी बँकेला खातं बंद करण्याविषयी लिहिलं. उत्तर आलं: अर्जावरची सही वकिलातीकडून साक्षांकित हवी. शिवाय विद्यार्थ्यानं स्वतःहून बेत सोडला असेल तर वकिलातीचं पैसे मोकळे करण्याचं पत्र. व्हिसा नाकारला असेल तर नकाराच्या पत्राची प्रत. अर्जात एक रकाना होता, खातं बंद करण्याचं कारण. मी लिहिलं: वडिलांच्या निधनामुळे जाण्याचा बेत रद्द. ते वाचायला बरं वाटलं. पुन्हा वाचलं.

मुंबईला वकिलातीत खिडकीमागे माझ्याच वयाची मराठी बाई होती. तिनं अर्ज वाचला, "सॉरी," म्हणाली आणि कॉम्प्युटरमध्ये माझा नंबर टाकला.

"पण तुमचा अर्ज ऑगस्टमध्येच नामंजूर झालाय."

"हो."

"मग आमचं पत्र लागत नाही. नकाराचं पत्र जोडा. कारण बदलून लिहा." तिनं कोरा अर्ज पुढे सरकवला. नंतर थोडं थांबून विचारलं, "वडील कधी गेले?"

"पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"त्यांना फार लागलं का मनाला?"

"त्यांना माहीत नव्हतं," मी म्हणाले.

मी नव्या अर्जावर कारण लिहिलं, व्हिसा नामंजूर. तिच्यासमोर सही केली, तिनं शिक्का मारला. पर्समधून पत्र काढून प्रत करून आणली. इतक्या महिन्यांत मी ते पर्समधून बाहेर ठेवलं नव्हतं. घड्यांवर कागद विरला होता. मुंबईतूनच लिफाफा रवाना केला.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. अंगणात मुठा गावचा नरहरीमामा बसला होता आणि गोठा रिकामा होता.

"म्हैस कुठंय?"

"इकली," आई आतून म्हणाली. "बरं गिऱ्हाईक आलं."

मामानं घसा साफ केला. "ताई माझ्याकडं ऱ्हाईल मुठ्याला. खोल्या कंपनीच्या पोरांना भाड्यानं द्यायच्या, आगाऊ पैसं घेतल्यात. तू मोकळी झालीस बघ. आता जायाचं तवा जा."

आई बाहेर आली. हातात आबांची पत्र्याची पेटी, तिच्यात तिची लुगडी. दारापाशी दोन बोचकी बांधलेली. तीस वर्षं ती माहेरी एका रात्रीच्या वर राहिली नव्हती. भावजयीशी तिचं कधी जमलं नाही, हे मामालाही ठाऊक होतं. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"मी आज खातं बंद करून आले, आई."

"कुनाला इचारून?" पेटी तिनं खाली ठेवली. "त्येंची जमीन हाय त्यात. त्येंचा जीव हाय. तू कोन बंद करनारी? परत उघड जा."

"नाही उघडायचं."

"माझं न्हाई वाईट वाटत तुला? उद्या लोक म्हनतील, आईनं पोरीचं वाटोळं केलं. मीच म्हनतीया रोज. निजताना म्हनतीया. तू हितं भाकऱ्या भाजतीस त्या माज्यापायी." तिचा आवाज चढला नव्हता. तिनं बोचक्याची गाठ पुन्हा आवळली. "चल रं नरहरी. मी ऱ्हायली तर ही जायाची न्हाई."

मामा उठला. मी दारात उभी राहिले.

"बाजूला व्हय, साधना."

"तुझ्यासाठी नाही राहिले मी," मी म्हणाले. "तुझ्यापायी काही झालं न्हाई. मला व्हिसा मिळालाच नव्हता, आई. न्हाई म्हणून पत्र आलं होतं, आबा जायच्या आदल्या दिवशी. ते फाट्यावर माझा बोर्ड बांधत होते तेव्हा माझ्याजवळ होतं. रात्री ते खात्याचं विचारत होते तेव्हाही होतं. मी त्यांना सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर सकाळी ते शिडीवर चढले नसते."