खाडा

केसरीनाथ गेला याचं श्रीनाथला दुःख होतंच, पण दुःखाच्याही वर राग होता. माणूस पोटात गाठ घेऊन हिंडतो, डॉक्टरांनी हात वर केलेले असतात, आणि इतक्या वर्षांच्या दोस्ताला त्याचा पत्ता नाही. हेमालीचा फोन आला तो थेट, "निघताय ना? दुपारी नेणार आहेत," असा. त्यावर श्रीनाथने विचारलं होतं, "कुणाला?" त्या 'कुणाला'ची त्याला अजून लाज वाटत होती, आणि ती लाजसुद्धा तो केसरीनाथच्याच नावावर मांडत होता.

"एक शब्द सांगायला काय झालं होतं?" जेवताना तो बायकोला म्हणायचा. नीलाने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एकदा आमटी वाढता वाढता म्हणाली, "मला विचारून काय उपयोग? कार्याला गेलात ते दारातूनच परत आलात. खारबावला जा आणि पुतळावहिनींना विचारा."

म्हणून तो निघाला. आज विचारायचंच, असं स्वतःला बजावत निघाला. आपल्याला जवळचं मानलं नव्हतं का, एवढंच त्याला हवं होतं.

केसरीनाथ, हेमाली आणि श्रीनाथ असा तिघांचा फोटोंचा ग्रुप होता. श्रीनाथ भिवंडीच्या कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. केसरीनाथ खारबावचा; तरुणपणी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, माग दुरुस्त करणारा जॉबर होता, पुढे भातशेतीच्या जागेवर गोदामं उभी राहिली आणि तो भाड्यावर शेठ झाला. हेमाली दोघांपेक्षा बरीच लहान, अंबाडीला झेरॉक्स आणि फोटोचं दुकान चालवायची. हे दोघे तिच्याकडे प्रिंट काढायला जायचे, आणि तिथल्या बाकड्यावरच या उद्योगाला सुरुवात झाली. दर शुक्रवारी एकाने एक शब्द द्यायचा आणि आठवड्याभरात तिघांनी त्या शब्दावर एकेक फोटो टाकायचा. शुक्रवार केसरीनाथने ठरवला. त्या दिवशी लूम बंद असतात, कानाला विसावा असतो, तेव्हाच डोक्यात शब्द येतो असं त्याचं म्हणणं.

बाकी सगळे नियम श्रीनाथचे, कारण हेडक्लार्कला नियमाशिवाय करमत नाही. आपल्या फोटोखाली एक अक्षर लिहायचं नाही. शब्दाचा अर्थ विचारायचा नाही आणि सांगायचाही नाही. हे सगळं मुळात केसरीनाथच्या तोंडाला आवर घालायला होतं. त्याने साध्या म्हशीचा फोटो टाकला तरी खाली तिच्या आजीपर्यंतचा इतिहास यायचा. एखाद्याचा फोटो आला नाही किंवा विषय सोडून आला, की त्याला खाडा म्हणायचं. तो शब्द मात्र केसरीनाथचा, लूमवरच्या हजेरीतला. कारागीर कामावर आला नाही की त्याचा खाडा पडायचा. इथे ज्याचा खाडा पडेल त्याने रविवारी खारबाव स्टेशनच्या बाकावर तिघांना चहा-भजी खिलवायची. बाकावर केसरीनाथ नेहमी मध्ये बसायचा.

त्याने दिलेला शेवटचा शब्द 'खाडा' असाच आला होता. आता खाडा हा काय फोटोचा विषय आहे? पण काना आणि वेलांटी यांचं केसरीनाथच्या अंगठ्याशी हाडवैर होतं. मागे एकदा त्याने 'गाडा' दिला, आणि बाकी दोघांनी बैलगाड्यांसाठी गावंच्या गावं पालथी घातल्यावर म्हणाला, "अवो गाडी. रेल्वेची गाडी." तेव्हापासून श्रीनाथ सावध होता. त्याने हेमालीला फोन केला आणि म्हणाला, "शेठच्या खाडीला मिशा फुटल्यात. तू खाडीच समज." दोघं पोटभर हसली.

हेमालीने पुलावरून खाडी टिपली. श्रीनाथ काल्हेरच्या बाजूला गेला, पण कंटेनरांच्या रांगेत अडकून पोचायला उशीर झाला आणि तोवर ओहोटी लागली होती. समोर नुसता चिखल, आणि त्यात एका अंगावर कललेली होडी. तो चरफडला, आणि जे होतं ते टिपून घरी आला. नंतर केसरीनाथचा फोटो आला. त्यात खाडी नव्हतीच. स्टेशनचा बाक होता, बाकाच्या दोन्ही टोकांना जागा धरायला टाकतात तसा एकेक रुमाल टाकलेला, आणि मधली जागा मोकळी. स्वतः खाडी द्यायची आणि बाकडं पाठवायचं, म्हणजे कमाल झाली. श्रीनाथने ऑफिसच्या थाटात लिहिलं, "खाडा. मंजूर." केसरीनाथकडून हात जोडल्याचं चित्र आलं.

रविवारी त्याने चहा-भजी दिली. भजीला स्वतः हात लावला नाही, पायाशी कुरकुरणाऱ्या कुत्र्याला तुकडे टाकत बसला. आजवर एकही आठवडा न चुकलेल्या माणसाचा खाडा पडला म्हणून श्रीनाथला चेव चढला होता. "शेठ, पहिला खाडा जड जातो. मग सवय होते," तो म्हणाला. केसरीनाथ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि त्याने श्रीनाथच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता. ती शेवटची भेट.

तो खारबावला पोचला तेव्हा केसरीनाथची बायको पुतळाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. मागे गोदामात ट्रक लागलेला, हमालांचा हिंदीत आरडाओरडा चाललेला. तिने त्याला बसायला पाट दिला, पाण्याचा तांब्या दिला. श्रीनाथने घसा साफ केला.

"वहिनी, एक विचारायचं होतं."

"आधी माझं आयका, भावजी. तुमची वाट बघत व्हते. तुमचं उपकार मानायचं राहून गेलंय."

"माझे कसले उपकार?"

"डॉक्टरनी सांगितलं तवा ते बोलले, श्रीनाथला सांगाया पायजे. चार दिस आंगणात नुसत्या फेऱ्या. मंग बोलले, तोंडानी न्हाय जमनार. मी रडंन, तो पन रडंल. त्यापरीस शुक्रवारी शब्द देतो. एकच शब्द. हुशार मानूस हाय, समजंल."

श्रीनाथच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"तुमचा व्होडीचा फोटू आला ना, तवा पडल्या जागेवरनं उठून बसले. मला दाखवला. बोलले, बघ, समजला तो. पान्याचा खाडा टिपलाय. पानी गेलंय, व्होडी हाय तिथंच हाय." पुतळाबाईने पदराने नाक पुसलं. "मंग माझ्याकडनं दोन रुमाल घेतले आन् ठेसनावर गेले. एक तुमचा, एक हेमालीचा. त्याच्यावर तुमी लिवलात, मंजूर. काय हसले माहिताय? बोलले, हेडक्लार्कची सही झाली, आता जायला मोकळा."

गोदामातून कुणीतरी "शेठानी" अशी हाक मारली. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"आन् त्या रईवारी तुमी बोललात, पैला खाडा जड जातो, मंग सवय व्हते. घरी येऊन मला तेच सांगत व्हते. शेवटाला मी रडाय लागले का मला पन तेच बोलायचे. समदी मानसं तोंड पाडून यायची. तुमी येकटंच समजून बी हसलाव. त्यांच्या जिवाला लई बरं वाटलं, भावजी."

श्रीनाथला विचारायचं होतं ते विचारण्याआधीच सांगून झालं होतं. एक शब्द सांगायला काय झालं होतं, म्हणून तो घरात आदळआपट करत होता. तर दोस्ताने एकच शब्द सांगितला होता, नियमाला धरून, काना-मात्रा न चुकवता. आयुष्यात एकदा त्याचं शुद्धलेखन बरोबर आलं आणि ते श्रीनाथने दुरुस्त केलं. मिशांची गोष्ट त्याच्या अगदी ओठांवर आली. वहिनी, मला काहीच कळलं नव्हतं, मला खाडी वाटली, असं म्हणून मोकळं व्हावं, तिने दोन शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटलं.

"तुमाला लई जड गेलं आसंल, न्हाय? समजून उमजून हसायला?" पुतळाबाईने विचारलं.

श्रीनाथने तांब्या खाली ठेवला.

"जड गेलं, वहिनी," तो म्हणाला. "पण शब्द अगदी स्वच्छ होता. वाचला आणि लगेच कळलं."

"मी बोलले व्हतेच त्यांना, भावजींना कळंल म्हनून," ती म्हणाली.

मग त्याने वालाची टोपली आपल्याकडे ओढून घेतली आणि मान खाली घालून सोलायला लागला. त्याला ते येत नव्हतं. डाळिंब्या फुटत होत्या, आणि पुतळाबाई फुटक्या बाजूला काढत होती.

निघताना तिने आतून एक धुऊन घडी केलेला रुमाल आणून त्याच्या हातात ठेवला. "ह्यो तुमचा. फोटूतला."

परतीच्या गाडीला अवकाश होता. श्रीनाथ स्टेशनच्या त्याच बाकावर आपल्या टोकाला बसला. बसता बसता हाताने आपसूक तो रुमाल मधल्या जागेवर पसरला. फलाट हळूहळू भरत गेला. मासळीची रिकामी टोपली घेतलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली आणि रुमालाकडे बघून म्हणाली, "भाऊ, इथं कोन येनार हाय का?"



"नाही," तो म्हणाला. "कोणी येणार नाही. बसा."

त्याने रुमाल उचलला आणि त्याच रुमालात तोंड घालून तो रडला. बाई टोपली मांडीवर घेऊन मधल्या जागेवर बसली.