निमिषच्या नावावर

"नाना जरा पडलेत. काय लिहायचंय ते मला सांगा, मी आत विचारून येते."

उमरेडच्या घराच्या दारात उभी राहून अहिल्येची आई हे कितीदा म्हणाली असेल, त्याला गणती नाही. नाना, अहिल्येचे वडील, तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली, तरी माणसं घर शोधत येतच राहिली. आई दारात सगळं ऐकून घ्यायची, आत जायची, नानांच्या खाटेशी बसून अर्ज स्वतःच लिहायची आणि बाहेर आणून द्यायची. "नानांचं अक्षर मात्र तसंच राहिलं हो," म्हणत माणूस निघून जायचा. मग आई बोटं राखेने घासता घासता गुणगुणायची,

आत उंबऱ्याच्या बाई, शाई लागली बोटाला
उंबऱ्याच्या गं बाहेर, नाव धन्याचं ओठाला

लहानग्या अहिल्येला ते गाणं वाटायचं. ती तक्रार होती, हे कळायला तिला अमेरिकेत, श्रूजबरीला यावं लागलं.

"मागे हो ना जरा, तुझं कोपर दिसतंय," तिचा नवरा निमिष दबक्या आवाजात म्हणाला.

अहिल्येने स्टूल दोन बोटं मागे सरकवलं. सोमवारची सकाळ होती, साडेआठ वाजले होते, खिडकीबाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ अजून कुणी उचलला नव्हता. निमिष टेबलाशी, ऑफिसच्या कॉलवर, कॅमेऱ्यासमोर. ती त्याच्या डावीकडे, बुटक्या स्टुलावर, मांडीवर दुसरा लॅपटॉप. त्यावर ती मोठ्या अक्षरांत टाइप करायची आणि निमिष ते वाचून दाखवायचा, जणू आत्ताच सुचलंय. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

पुण्यात ती एका होस्टिंग कंपनीत सर्व्हर सांभाळायची. इथे ती निमिषच्या व्हिसावर आलेली, तिला नोकरीची परवानगी नव्हती. निमिष माणसं सांभाळण्यात हुशार होता, पण कंपनीने टीम छाटली आणि सर्व्हरचं कामही त्याच्याच गळ्यात टाकलं. "एकदाच बघ ना गं," असं त्याने म्हटलं होतं. ते एकदाच कधी संपलंच नाही. कुणाला कळलं असतं तर निमिषची नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा, आणि दोन महिन्यांत घर आवरून भारतात परतावं लागलं असतं.

यावेळचं काम तसं साधं होतं. दातांच्या चाळीस दवाखान्यांचं अपॉइंटमेंटचं ॲप्लिकेशन उघड्यावर होतं. त्याच्या पुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी उभा करायचा होता, म्हणजे आणखी एक सर्व्हर. बाहेरचा प्रत्येक जण त्याच्याशीच बोलणार. तो मागणी आत नेणार, उत्तर बाहेर आणणार. आतल्याचा पत्ता कुणाला कळायचा नाही.

अहिल्येने त्याची फाइल दोन दिवस बसून लिहिली होती. तिच्यात एक ओळ अशी होती, की आत मागणी नेताना प्रॉक्सीने ती मूळ कोणाकडून आली त्याचा पत्ताही सांगावा. ती ओळ नसेल तर आतल्या ॲप्लिकेशनला चाळीस दवाखाने म्हणजे एकच माणूस वाटणार. आणि त्या ॲप्लिकेशनचा नियमच होता, एका पत्त्यावरून दहा चुकीचे पासवर्ड आले की तासभर लॉगिनचं दार बंद.

शुक्रवारी दुपारी ती जेवणाचं ताट घेऊन आली तेव्हा निमिषचा कर्सर नेमका त्या ओळीवर होता.

"हे काय एक्स्ट्रा टाकलंयस? इंटरनेटवरच्या एक्झाम्पलमध्ये नाहीये हे. बॉसने, चारूने विचारलं तर मी काय एक्सप्लेन करू?"

"मी सांगते ना..."

"नको यार. तुझं काय, तू घरीच असतेस. मीटिंगमध्ये तोंड मला द्यावं लागतं."

त्याने ओळ खोडली, फाइल लाइव्ह करायला टीममधल्या अदितीला पाठवली आणि वरणाची वाटी पुढे ओढली. अहिल्या ताटाकडे बघत उभी राहिली. सोमवारी काय होणार ते तिला तिथेच, त्या क्षणी दिसलं होतं. "मीठ पाहिजे का?" एवढंच तिने विचारलं.

आणि आज ते झालं होतं. सुट्टीनंतर आठ वाजता चाळीस रिसेप्शनिस्ट बसल्या, त्यांतल्या दहा-बाराजणींनी पासवर्ड चुकवला आणि सगळ्यांचीच दारं बंद झाली. दाढ धरून बसलेली माणसं वेटिंग रूममध्ये ताटकळत होती. अहिल्येने आठ वीसला ओळ परत घातली, एक छोटा आदेश देऊन प्रॉक्सी पुन्हा सुरू केला आणि अडकलेली दारं उघडली. निमिषने कपाळ पुसलं.

"निमिष, यू सेव्ड अस, मॅन," कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून बॉसचा, चारुदत्तचा आवाज आला. तिथे जेमतेम पहाट होती, त्याचे केस उभे होते. "वीस मिनिटांत! पण क्लायंटला आता कारण पाहिजे. ओळ गेली कुठे?"

निमिषने स्क्रीनवर अहिल्येची पहिली फाइल उघडून दाखवली, ओळीसकट. "माझ्याकडे तर आहे, बघ ना. लाइव्ह करताना कॉपी-पेस्टमध्ये ड्रॉप झाली असणार."

लाइव्ह करणारी अदिती होती. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तिनेच ते केलं होतं. कॉलच्या खालच्या चौकोनात तिचा चेहरा पांढरा पडला. ती ॲन आर्बरला एकटी राहायची, सव्वीस वर्षांची, कॉन्ट्रॅक्टवर. मागच्या दिवाळीत याच घरी चार दिवस राहून गेलेली. जाताना "वहिनी, शेवेची रेसिपी पाठवा हं," म्हणून गेलेली.

"निमिषदादा, मी फाइल ओपनपण नाही केली," ती म्हणाली. "जशी आली तशी टाकली. खरंच."

"अगं, होतं कधीकधी. कुणी मुद्दाम करत नाही," निमिष समजुतीने म्हणाला. त्या समजुतीनेच अहिल्येच्या अंगावर काटा आला.

चारुदत्तने चष्मा काढला. "अदिती, नथिंग पर्सनल. पण क्लायंटला कुणीतरी दाखवावं लागेल. तुझं कॉन्ट्रॅक्ट आजपासून एंड करतोय."

"सर, माझा व्हिसा..." म्हणता म्हणता अदितीने हाताने तोंड झाकलं.

अहिल्येने मोठ्या अक्षरांत टाइप केलं, 'खरं सांग.' निमिषची नजर त्या दोन शब्दांवरून गेली आणि परत स्क्रीनवर आली. तिने पुन्हा टाइप केलं, 'निमिष, सांग.' त्याने डाव्या हाताने, कॅमेऱ्याच्या खालून, तिचा लॅपटॉप हळूच मिटला.

"ओके देन," चारुदत्त म्हणाला. "निमिष, रिपोर्ट तू लिही. तुझं लिहिलेलं छान असतं."

अहिल्या उठली. चार वर्षांत त्या खोलीत ती पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आली. स्वतःचाच चेहरा तिला कोपऱ्यातल्या चौकोनात दिसला. केस विस्कटलेले, स्वेटरच्या बाहीला कणिक. निमिषचा हात आवाज बंद करण्याच्या बटणाकडे निघाला. तिने तो मनगटाशी धरला. घट्ट नाही, नुसता धरला. तो घामाने ओला होता. तिला त्याची दया आली, पण हात तिने सोडला नाही.

"वहिनी?" अदिती म्हणाली.

"चारुदत्त, मी अहिल्या, निमिषची बायको," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, उमरेडी हेल पुरता उघडा पडलेला. "ती फाइल मी लिहिली होती. चार वर्षं तुमच्याकडे आलेलं सगळं मीच लिहिलंय. शुक्रवारी निमिषने ती ओळ माझ्यासमोर खोडली. आज काय होणार ते मला माहीत होतं, आणि मी त्याला मीठ पाहिजे का विचारलं. अदितीने काहीही केलेलं नाही."