बंद ड्रममधली माती

वास गल्लीच्या तोंडाशीच आला. माधुरीला आधी वाटलं, रविवारी इंडस्ट्रियल इस्टेटच्या मुतारीत कुणी पाणी टाकलं नसणार. पण मुतारी मागे पडली तरी वास कमी होईना. उलट डोळे चुरचुरायला लागले. तो तिच्याच गाळ्यातून येत होता.

मुलुंडच्या त्या गाळ्यात ती भट्ट्यांना आतून लावायच्या विटा करायची. वीजकेंद्रातली राख, सिंधुदुर्गातली पांढरी माती आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडची अॅल्युमिनियमची मळी, म्हणजे धातू वितळवला की वर तरंगते आणि फेकून दिली जाते ती. केमिस्ट्रीतली पीएचडी झाल्यावर नोकरी सोडून ती या तिन्हींचं प्रमाण जमवत बसली होती. मळायचं आणि थापायचं काम सुगंधामावशींचं. त्या कुडाळकडच्या कुंभारांच्या घरातल्या.

मळी आधी उघड्या टाकीत पाण्याने धुवायची, वाळवायची आणि मगच मिसळायची, असा नियम होता. कारण कच्च्या मळीला पाणी लागलं की ती तापते आणि तिच्यातून अमोनिया निघतो, त्याच्यासोबत हायड्रोजन. अमोनिया निदान नाकाला कळतो. हायड्रोजनला वासच नाही. तो वर पत्र्याखाली जमत राहतो, आणि मग एक ठिणगी पुरते. मावशींना मात्र माधुरीने एवढंच सांगितलं होतं, की मळीत मीठ असतं, ते धुऊन काढायचं.

शटर अर्धं वर होतं. बाहेर मावशींच्या चपला.

आतून आवाज आला. खर्र. काडेपेटीवर काडी ओढल्याचा.

पुन्हा तोच आवाज, खर्र.

"मावशी! काडी ओढू नका!"

"आलीस काय गो? थांब, उदबत्ती लावते. उंदीर मेलाय कुठेतरी, काय घाण सुटलीय! आणि ही काडेपेटी मेली सादळलीय."

रोज काम सुरू करण्याआधी मावशी भट्टीला उदबत्ती ओवाळत. आज तर त्यांना वासही घालवायचा होता.

माधुरी शटरखालून वाकून आत शिरली. अंधारात मावशींची आकृती भट्टीपाशी होती, नाकाला पदर, हातात तिसरी काडी. माधुरीने त्यांचं मनगट धरलं आणि ओढतच बाहेर आणलं. काडेपेटी नाल्यात भिरकावली.

"अगो, वेड लागलंय का? हात मोडशील माझा!"

"शनिवारी कुठल्या पोत्यातली मळी घेतलीत?"

"भिंतीकडच्या. तूच फोनवर बोललीस, भिंतीकडचं पोतं."

"तिथे दोन होती."

"एक ओलसर होतं. ओल्याचं वजन खोटं येतं, हे रोज कोण सांगतं मला? म्हणून कोरडं घेतलं." मावशी मनगट चोळत होत्या. "मळली, ड्रममध्ये भरली, झाकण लावून कडं आवळलं. दोन दिवस मुरल्याशिवाय माती हाताला येते का कधी?"

माती मुरवायची तर हवा लागू द्यायची नाही. मावशींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं होतं, आणि माधुरीने कौतुकाने तीच रीत इथे ठेवली होती. ओलसर पोतं धुतलेल्या मळीचं होतं, कोरडं कच्च्या; आणि ती कच्ची मळी शनिवारपासून पाण्यासकट ड्रममध्ये घट्ट बंद होती.

शेजारच्या गाळ्यात प्रीतमने वेल्डिंगचं मशीन बाहेर काढलं होतं. दोन गाळ्यांच्या मधे फक्त पत्र्याची भिंत.

"प्रीतम, मशीन लावू नकोस! आमच्याकडे गॅस भरलाय. मीटरच्या खोलीतून मेन खाली पाड, अख्ख्या गल्लीची."

"सकाळी सकाळी वाट लावता मॅडम! सिलेंडर लीक झालाय काय?"

"सिलेंडर परवडला असता रे. पळ!"

तिचा चेहरा बघून तो मीटरच्या खोलीकडे धावला. माधुरीची विजेची भट्टी टायमरवर होती, कधीही आपोआप सुरू झाली असती. तो परत येईपर्यंत माधुरी नुसती छताच्या पत्र्याकडे बघत उभी होती.

मेन पडली. प्रीतमने शटरच्या दोन्ही पट्ट्यांत तेल ओतलं आणि दोघांनी ते इंचाइंचाने वर सरकवलं, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. वारा आत शिरला. तेव्हा ड्रम दिसला. झाकण कढईसारखं फुगलं होतं. कड्याच्या फटीतून बारीक फुसफुस चालली होती.

बराच वेळ त्यांनी गाळा तसाच उघडा ठेवला. पण ड्रम तसाच ठेवता येत नव्हता. झाकण उडालं असतं तर पत्रा फाडून गेलं असतं. माधुरीने ओढणी भिजवून नाकातोंडावर बांधली.

"मी जाते," मावशी म्हणाल्या. "कडं मी आवळलंय."

"तुम्ही इथूनच सांगा."

ड्रमला हात लावला तर तो चहाच्या पातेल्यासारखा तापलेला.

"तोंड बाजूला कर! कड्याचा खटका तुझ्याकडे नको, भिंतीकडे ओढ. लाकडी हातोडीने, हळू... हळू गो बाय!"

खटका सुटला. झाकण धाडकन उसळून भिंतीवर आपटलं आणि पांढरी वाफ छताला भिडली. माधुरी मागच्या मागे पडली, रांगत बाहेर आली, खोकत राहिली. डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. कुठेही ठिणगी पडली नाही.

ड्रममध्ये पिठलं रटरटावं तसं मिश्रण अजून रटरटत होतं. मावशींनी नळाखालची भरलेली बादली उचलली.

"पाणी नको!" माधुरी एवढ्या जोरात किंचाळली की बादली मावशींच्या हातून तिथेच सांडली. "पाण्यानेच होतंय ते."

मावशी ओल्या पायांनी तशाच उभ्या राहिल्या. आता पहिल्यांदा त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम, मशीन कधी लावू?" प्रीतमने दबक्या आवाजात विचारलं.

"माहीत नाही रे. आज नाही."

मावशी पायरीवर बसल्या.

"पाण्याने भडकतं, असं काय मळत होते गो मी? मीठ म्हणाली होतीस तू."

माधुरी त्यांच्या शेजारी बसली. "मीठ असतंच. बाकीचं मी सांगितलं नाही."

"मग आता सांग. सगळं सांग."

तिने पहिल्या पोत्यापासून सांगायला सुरुवात केली. सांगताना दोघींपैकी कुणीच ड्रमवरची नजर काढली नाही.