गोदावरीतलं हाड

२०१४ साल. गणपती उठून आठ दिवस झाले होते. परळच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सोमणसरांनी ते हाड टेबलावर टाकलं. त्याचा आवाज कौसल्याबाईंच्या कानात अजून आहे. हाड पडल्याचा आवाज नव्हताच तो. दगड पडल्याचा होता.

"म्हशीचं आहे," सर म्हणाले. "नदीत काय कमी म्हशी मरतात? टाकून द्या."

मेघनाचा चेहरा उतरला. एम.एस्सी.ची मुलगी, सुट्टीत मामाच्या गावी गेली असताना गोदावरीच्या दरडीतून तिनं ते टोकरून काढलं होतं आणि ओढणीत गुंडाळून मुंबईपर्यंत आणलं होतं. वीतभरही नसेल, पण जाडजूड आणि काळपट.

कौसल्याबाई खिडकीपाशी बरण्या पुशीत होत्या. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. त्यांनी हात पुसले, हाड उचललं, उलटंसुलटं केलं.

"सर, हे म्हशीचं नाय."

"मग रेडकाचं असेल."

"रेडकाचं पण नाय. म्हशीच्या पायात खुराच्या वर एकच नळी असते, दोन हाडं जुळून झालेली. खाली टोकाला फट असते, दोन खुरांसाठी. ह्याला बघा, फटच नाय. ही नळी सुटी आहे. आणि रेडकाच्या नळीचं टोक पक्कं जुळलेलं नसतं, कधीच निखळून गेलं असतं."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बरं. मग कोणाचं तेपण सांगून टाका."

"बघून सांगते."

रविवारी मेघनाला घेऊन त्या राणीच्या बागेत गेल्या आणि पाणघोड्याच्या डबक्यापाशी उभ्या राहिल्या. तासभर नुसत्या नाकपुड्या दिसत होत्या.

"मावशी, हा आज बाहेर यायचा नाही."

"गवत टाकलंय ना? येईल. खादाड मेला."

तो आला. चिखलातून एकेक पाऊल टाकत आला.

"तोंड नको बघू त्याचं. पाय बघ. बोटं मोज."

"चार."

"आणि चारी भुईला टेकलेली. सुटी सुटी. एकेका बोटाला वेगळी जाड नळी, आपल्या हाडासारखी."

मेघनानं बोटं पुन्हा मोजली. "पण मावशी, गोदावरीत पाणघोडा?"

"आता नाय. कधीकाळी असेल. ते तू शोध. शिकतेस ना?"

मेघनानं पुस्तकं धुंडाळली, फोटो ताडून पाहिले, आणि हाड परगावच्या एका संस्थेकडे तपासायला पाठवलं. चार महिन्यांनी पत्र आलं. पाणघोडाच. हजारो वर्षांपूर्वीचा.

मग काय, कॉलेजात समारंभ. मखमलीच्या तुकड्यावर हाड, पुढं पाहुणे, आणि सोमणसर रंगात आलेले. "गंमत सांगतो," ते म्हणाले. "पहिली शंका कोणाला आली? आमच्या कौसल्याबाईंना. त्याचं काय आहे, यांच्याकडे ही विद्या रक्तातच असते. पिढ्यानपिढ्या मेलेली ढोरं ओढलेली ना."

पाहुणे कौतुकानं हसले. सरही कौतुकानंच बोलले होते, आणि तेच जास्त लागलं. कौसल्याबाईंच्या हातात चहाचा ट्रे होता. तो त्यांनी जवळच्या खुर्चीवर ठेवला आणि सरळ घरी, नायगावला, चालत गेल्या.

त्यांच्या वडिलांनी, नानांनी, छप्पन साली गावात ढोरं ओढायचं काम टाकलं आणि मुंबई गाठली. गिरणीत लागले. घरात मटण यायचं ते बिनहाडाचं. पावशेरच यायचं, पण बिनहाडाचं. लेकीला कॉलेजात ही नोकरी लागली तेव्हा नाना दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हाडं उचलायला जात असशील तर जाऊ नको. शिकायला जात असशील तर जा."

त्या शिकल्या. एक्क्याण्णव साली म्हशीचा अख्खा सांगाडा त्यांनी तारेनं जोडला होता. सव्वीस दिवस लागले. पोरं टाकून गेलेली पुस्तकं त्यांनी बोट ठेवून, अक्षर लावत वाचली होती. आणि हे म्हणे रक्तात.

दुसऱ्या दिवशी सरांनी हाडाला लावायची कोरी चिठ्ठी पुढं केली. संग्रहाच्या कपाटातल्या सगळ्या चिठ्ठ्या कौसल्याबाईंच्याच अक्षरातल्या होत्या. काळी शाई, मोत्यासारखं वळण.

"लिहा. पाणघोडा, पायाचं हाड. ठिकाण, गोदावरी. शोध, मेघना. ओळख, डॉक्टर माधव सोमण."

कौसल्याबाईंनी पेनाला टोपण लावलं. "ओळखलं कोणी, सर?"

"अहो, तशी पद्धत असते. तिथं शास्त्रज्ञाचं नाव लागतं. काल सगळ्यांसमोर घेतलं की तुमचं नाव."

"माझं नाव नाय घेतलंत. माझ्या बापाचं काम काढलंत."

सर टेबलावरची चिठ्ठी सरळ करू लागले.

"नानांनी ते काम टाकलं तेव्हा माझा जन्मपण नव्हता. मेलेलं ढोर मी अजून बघितलेलं नाय. जे शिकले ते इथं, ह्या टेबलावर, तुमच्यासमोर शिकले. तुम्हाला दिसलं नाय, त्याला मी काय करू?"

"इतकं मनाला लावून घेऊ नका हो."

"घेणार. हे घ्या पेन. तुमचं नाव तुम्हीच लिहा."

सरांनी लिहिलं. घाईघाईत, शाई फासत.

कौसल्याबाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाची शाल त्यांनी घेतली, भाषणाला मात्र थांबल्या नाहीत. सोमणसर पुढं प्राचार्य झाले. आता प्रभादेवीला असतात, आणि ती पाणघोड्याची गोष्ट अजून सांगतात म्हणे. मेघनानं डॉक्टरेट केली. प्रबंधात तिनं कौसल्याबाईंचं नाव पहिल्या पानावर घातलं होतं. मार्गदर्शकांनी ते आभारांत, टायपिस्टच्या खाली सरकवलं. ती नागपूरला शिकवते, अधूनमधून फोन करते. मावशी म्हणायचं तिनं सोडलं आहे. नाव घेऊन, कौसल्याबाई म्हणते.

कॉलेजातलं कपाट आहे तिथंच आहे. चारशेच्या वर चिठ्ठ्या, सगळ्या एका हाताच्या, आणि खालच्या खणात तेवढी एक गिचमिड. नवी पोरं कधीतरी विचारतात, हीच अशी का? सांगायला तिथं आता कोणी नाही.