भरून वाहिलेली बादली

तळमजल्यावर चेअरमनांच्या दारात मोठा टीव्ही आणून ठेवला होता आणि त्याच्यापुढे सगळी इमारत दाटीवाटीनं उभी होती. जिन्याच्या पायऱ्यांवर पोरं, कठड्याला टेकलेली म्हातारी माणसं, मांडीवर लेकरं घेतलेल्या बाया. कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता. ते सगळे बंद करून दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकले होते. घरातलं एकही यंत्र चालू ठेवायचं नाही आणि एकाही माणसानं घरात थांबायचं नाही, अशी बाबांची अट होती. तापानं फणफणलेल्या एका पोरालासुद्धा त्याच्या आईनं चादरीत गुंडाळून खाली आणलं होतं.

लोक त्यांना तरंगबाबा म्हणत. पांढरा लांब अंगरखा, हातात तांब्याची नळी आणि आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला डुलकी यावी. टीव्हीशेजारी इंटरनेटचा डबा होता, त्यावरून त्यांनी नळी फिरवली.

"बाळांनो, तुम्ही तरंग, मी तरंग, हा डबासुद्धा तरंग. तुमच्या घरातली भांडणं, हेवेदावे, काळज्या, सगळं या डब्यात साचतं. गटार तुंबतं तसा डबा तुंबतो. कंपनी बिचारी काय करणार?"

कंपनीचा माणूस, म्हणजे नेटवाला, मागे हात बांधून उभा होता. 'बिचारी' म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली.

बाबांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि डब्यावर फुंकर मारली. चेअरमनांनी टीव्ही लावला. गेले कित्येक महिने त्या पडद्यावर एक पांढरं चाक गरगर फिरायचं आणि चित्र जागच्या जागी थिजायचं. आज चाक आलंच नाही. चित्र तेल सोडल्यासारखं वाहत राहिलं. आधी एकानं हात जोडले आणि बघता बघता सगळ्यांनी जोडले.

गर्दीच्या शेवटी, भिंतीला पाठ लावून, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी उभ्या होत्या. त्यांनीही हात जोडले. इतरांना सिनेमा हवा होता, सामने हवे होते. मावशींना त्यांची लेक हवी होती.

लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दूरच्या शहरात औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, रेल्वेनं जायचं तर एक रात्र आणि एक दिवस. फोनवर तिच्याशी बोलायचं कसं? मायलेकींची भाषा हातांची, तीही घरातच तयार झालेली. मावशी सदा शिवत बसलेल्या, म्हणून लेकीनं लहानपणीच 'आई'ची खूण ठरवली होती: चिमटीत सुई धरून दोरा वर ओढायचा. रोज संध्याकाळी ती पडद्यावर यायची आणि आधी दोरा ओढायची.

संदेश येत नव्हते असं नाही. गॅलरीच्या कोपऱ्यात मोबाइलला सिग्नलची जेमतेम एक दांडी मिळायची, त्यात अक्षरं यायची, चित्र यायचं नाही. मावशी लिहायला-वाचायला शिकल्या त्या केस पिकल्यावर. बोट ठेवून वाचायच्या. पण अक्षरात 'मी ठीक आहे' हे रोज एकसारखंच दिसतं. हातांचं तसं नसतं. हात थकलेले दिसतात. खोटं बोलताना लेकीचा डावा खांदा आखडायचा, ते मावशींना लगेच कळायचं.

चमत्कार बघून मावशी वर आल्या आणि मोरीच्या दारातच थबकल्या. नळाखाली बादली ठेवून गेल्या होत्या. वरच्या मजल्यावर पाणी दोऱ्याएवढं यायचं, बादली भरायला अर्धी सकाळ जायची. ती बादली भरून वाहून गेली होती आणि पाणी स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. मावशींनी स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि पोतेरं घेऊन पुसायला बसल्या.

संध्याकाळी लेक पडद्यावर आली. तिनं हात उचलला आणि दोरा ओढायच्या आधीच चित्र थिजलं. चाक परत आलं होतं.

चाक सगळ्यांकडेच परत आलं होतं. एकेकानं कंपनीला फोन लावले. तिकडून नेहमीचीच टेप: आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. बराच वेळ संगीत ऐकवून एक मुलगी यायची, डबा बंद करून पुन्हा चालू करा म्हणायची. ते केव्हाच करून झालंय म्हटलं तर पुन्हा एकदा करा म्हणायची. आणि फोन ठेवतो न ठेवतो तोच संदेश यायचा की आपली तक्रार दूर झाली आहे. शेवटी नेटवाल्यानंच समजूत घातली. कंपनीला कशाला छळता, बाबांना पुन्हा बोलावू.

बाबा आले. जिन्यात उभे राहून त्यांनी नळी कानाला लावली आणि वर बघितलं.

"या इमारतीत एक मुकं घर आहे. तिथून शब्द बाहेर पडत नाही. जे घर शब्द सोडत नाही ते तरंग गिळतं."

नाव घ्यायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना वर गेल्या. मावशींच्या घरात हातांनी बोलतात हे पोराटोरांनासुद्धा ठाऊक होतं, आणि नेटवाल्याला तर नक्कीच, कारण चित्र थिजतं म्हणून त्याच्या दारी सगळ्यात जास्त खेटे मावशींनीच घातले होते.

चेअरमन वर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त गर्दीपुढे उभं राहायची त्याची हिंमत नव्हती. म्हणाले, "मावशी, गैरसमज नको. थोडे दिवस तुमची तार काढून ठेवू. सगळ्यांच्या भल्यासाठी."

"आणि माझ्या लेकीचं?"

"संदेश पाठवते ना ती."

नेटवाल्यानं जिन्याखालच्या पेटीतून मावशींची तार उपसली. दुसऱ्याच दिवशी त्या तापकरी पोराची आई पायरीवर दुसरीला सांगत होती, "बघ, फरक पडला की नाही?" फरक काडीचा पडला नव्हता. पण माणसाला बघायचं असलं की दिसतं.

मावशींचे दिवस शिवणयंत्रावर जात राहिले. संध्याकाळी गॅलरीच्या कोपऱ्यात उभं राहून त्या बोटानं वाचायच्या. मी ठीक आहे. पुन्हा दुसऱ्या दिवशी, मी ठीक आहे. हल्ली तर त्यापुढे काहीच नसायचं.

बाबांची पुढची बैठक ठरली तेव्हा मावशींना निरोप आला की तुम्ही वरच थांबा, खाली येऊ नका. त्या थांबल्या. मोरीत कपडे भिजवत बसल्या होत्या. खालून माणसांचा गलबला हळूहळू वाढत गेला, दारं लागली, मग शांत झालं. आणि नळाची दोऱ्याएवढी धार जाड झाली. बघता बघता मनगटाएवढी झाली. खालून 'वाहवा' ऐकू आली, म्हणजे टीव्हीवरचं चित्रही वाहत असणार. मावशी कपडे सोडून नळाकडे बघत राहिल्या. पुष्कळ वेळानं जिन्यावर पावलं वाजली, दारं उघडली, आणि धार पुन्हा दोऱ्यावर आली.

ओल्या हातांनीच त्या गॅलरीत गेल्या. वळणापलीकडे नेटवाल्याची गाडी उभी होती. बाबा तिच्यात बसत होते आणि नेटवाला तांब्याची नळी गाडीवरच्या शिडीला नीट बांधून घेत होता.

पहिल्या मजल्यावर विज्ञानाचे निवृत्त सर राहायचे. पहिला चमत्कार त्यांनीही बघितला होता आणि कुणी विचारलं तर सरळ सांगायचे, "मला कळलं नाही हे कसं झालं. पण मला कळलं नाही म्हणजे चमत्कार झाला, असं नव्हे." यावरून लोक त्यांना हसायचे.

मावशींनी त्यांना विचारलं, "सर, हे बाबा पाण्यावरपण काही करतात का हो?"

"का बरं?"

मावशींनी बादलीचं सांगितलं, धारेचं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि न घालताच जिन्याखाली गेले. पेटी उघडून बॅटरीच्या उजेडात दोघांनी बघितलं. पेटीतून वर जाणाऱ्या तारांचा हा गुंता. पण रस्त्यावरून पेटीत येणारी तार एकच, मावशींच्या करंगळीपेक्षाही बारीक.

"झालं," सर म्हणाले. "टाकीचा पाइप एक, खालचे नळ बंद झाले की तुमची धार वाढते. तसं हेही एकच. दोनचार घरांपुरती तार आणि त्यानं अख्खी इमारत जोडलीय. सगळे एकदम ओढायला लागले की कुणालाच पुरत नाही."

"मग बाबा काय करतात?"

"बाबा तुम्हाला घराबाहेर काढतात. बाकीचं सगळं तुम्हीच करता."

पुढच्या बैठकीला सरांनी हात जोडूनच विनंती केली. म्हणाले, आज आपण घरातलं सगळं चालू ठेवून खाली येऊ. एवढ्या मोठ्या बाबांना आपल्या टीव्हीचं काय भय? लोकांना गंमत वाटली. बाबांना वाटली नाही, पण गर्दीपुढे नाही म्हणता येईना.

नळी फिरली. फुंकर मारून झाली. पडद्यावर चाक फिरत राहिलं. बाबांनी दुसऱ्यांदा फुंकर मारली, तिसऱ्यांदा मारली, अंगरख्याच्या बाहीनं कपाळ पुसलं.

"इथे संशय उभा आहे," ते म्हणाले. "संशयानं तरंग तुटतात."

"संशय माझा आहे," सर म्हणाले. "मी फाटकाबाहेर जातो."

गेले. चाक फिरतच होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा, फुंकर नको, आता पंखा लावा." हशा पिकला.

सर परत आले. आता बाबांनी फाटकाबाहेर बसावं, मंत्र नको, नळी नको, आणि आपण वर जाऊन सगळं बंद करून यावं, असं त्यांनी सांगितलं. लोक गेले, आले. सरांनी आपला लॅपटॉप त्या टीव्हीला आणि डब्याला जोडला, पेटीत मावशींची तार परत खोचली आणि मावशींना पुढे बसवलं. "सिनेमा नको. बघायचंच तर हे बघू. बोलवा लेकीला."

लेक आली. चित्र इतकं स्वच्छ की मागच्या भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा दिसावा. तिनं हात उचलला आणि दोरा ओढला. डाव्या हातानं.

मावशींची मान वाकडी झाली. त्यांनी खुणेनं विचारलं: दुसरा हात?

लेकीनं मांडीवरचा उजवा हात वर आणला. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. अर्धी भाषा त्या चुन्यात बंद झाली होती.

मावशी विचारत गेल्या आणि सर शेजारी वाकून, जमेल तसं, त्यांच्याकडून ऐकून लोकांना सांगत गेले. कारखान्यात ओल्या फरशीवर पाय घसरला. आईचं चित्र बंद झालं त्याच आठवड्यात. लिहून कळवलं असतं तर आई घाबरली असती, समोर दिसली की सांगू म्हणत राहिली. डाव्या अंगठ्यानं फार लिहिता येत नव्हतं, म्हणून तेवढंच लिहायची.

मावशींनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला: केस कोण धुतं?

लेकीनं डावा खांदा उडवला. कुणी नाही.

हातांची भाषा तिथे कुणालाच येत नव्हती, पण हे कुणाला सांगावं लागलं नाही. तापकरी पोराच्या आईनं पदर तोंडाला लावला. सरांनी नेटवाल्याकडे वळून एवढंच विचारलं की रस्त्यावरून तार एकच येते ना. नेटवाला म्हणाला, "वरून तेवढीच देतात हो, मी तरी काय करू." बाबांना मध्ये कुणी आणलं हे निघायच्या आत मात्र तो पेटीचं झाकण लावायला वळला. फाटकाकडे बघितलं तर तिथे बाबा नव्हते.

चेअरमन खाकरले. "समजलं ना सगळ्यांना? झालं तर मग. सामना सुरू झालाय."

"थोडं थांबा," मावशी म्हणाल्या. "माझं बोलणं होऊ द्या."

लोकांनी माना डोलावल्या. मग टोपलीतला एकेक मोबाइल उचलला गेला. कुणाचा सामना होता, कुणाची मालिका, कुणाला साहेबाला काही पाठवायचं होतं. बाबांसाठी तासभर घरं बंद करून उभी राहिलेली माणसं शेजारणीसाठी दहा मिनिटं थांबली नाहीत. तापकरी पोराची आई तेवढी थांबली, तिनं घरातलं काही लावलं नाही. पण एका घरानं नळ बंद करून वर धार येत नाही. वर एकेक दार लागलं, एकेक दिवा लागला, आणि पडद्यावर लेकीचा डावा हात दोरा ओढता ओढता हवेतच थिजला. त्याच्यावर पांढरं चाक फिरायला लागलं.

मावशींनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि स्टेशन गाठलं.

मागे सरांनी सगळ्यांच्या सह्यांची एक तक्रार लिहिली. कोणत्या वेळी किती वेग मिळतो, सगळं बंद ठेवल्यावर किती मिळतो, तार थेट जोडून किती मिळतो, सगळं त्यात होतं. या वेळी 'दूर झाली' असा संदेश आला तेव्हा कुणी गप्प बसलं नाही. पुष्कळ दिवसांनी दुसरी तार आली. आता चाक क्वचितच दिसतं. बाबा पलीकडच्या वस्तीत आहेत म्हणतात. तिथे नळी चांदीची आहे.

वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगायचं आहे. पुढे कधी कुणी तुम्हाला घरातलं सगळं बंद करून, डोळे मिटून आपल्यापुढे बसायला सांगितलं, तर आधी त्याला बाहेर बसवा आणि तेच करून बघा. जे त्याच्याशिवाय होतं ते त्यानं केलेलं नसतं. जे बिघडलंय ते कुणाच्या तरी हातात आहे. त्याला प्रश्न विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि बिघाडाचं खापर फोडायला कुणी तुम्हाला वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं, तर ते बोट कुणाचं आहे ते आधी बघा. अपुरी तार देणारा सापडेल, बाबा पळून जाईल. पण लेकीच्या हाताला प्लास्टर होतं ते दिवस त्या आईला कोणती कंपनी परत जोडून देणार?