जीपमधली सनई

निवृत्त झाल्यावर देवराव उंदिरवाडेनं पहिलं काम काय केलं, तर आलापल्लीला वनखात्याच्या लिलावात एक जुनी जीप घेतली. सगळी नोकरी त्यानं साहेबांच्या जीप चालवण्यात घालवली होती. भामरागडच्या रस्त्यावर चिखलात रुतलेल्या, नाल्यात अडकलेल्या गाड्या त्यानं किती बाहेर काढल्या, त्याला गणती नव्हती. पण गाडीतल्या टेपला हात लावायची मुभा त्याला कधीच नव्हती. एक साहेब दिवसभर गझला लावायचा, दुसरा इंग्रजी गाणी. तिसऱ्याला आवाजच सहन व्हायचा नाही.

"स्टेअरिंग माह्या हातात, बटन त्यायच्या हातात," असं तो बायकोला सांगायचा आणि सांगताना हसायचा नाही.

जीप आली ती गोंडपिपरीजवळ, मोहटोल्याला, त्याच्या गावी. सन एकोणनव्वदचा उन्हाळा होता आणि धाकट्या कमळाचं लग्न ठरलं होतं. लुगडी-कपडे घ्यायला तो आणि बायनाबाई नागपूरला गेले, तेव्हा सीताबर्डीवरच्या एका दुकानात देवराव शिरला. गाडीत बसवायचे स्टीरिओ दाखवा म्हणाला.

दुकानदारानं कॅसेटवाले दोन-तीन पुढे ठेवले. देवरावचं लक्ष मात्र काचेच्या कपाटातल्या काळ्याभोर, चपट्या यंत्राकडे गेलं. त्याला कॅसेटचं तोंडच नव्हतं, नुसती एक बारीक फट होती.

"हे काय हाये?"

"वो आपके काम का नहीं, चाचा. सीडी है. चकती पर बजता है. बड़ी गाड़ियों के लिए दुबई से आया है."

"माही गाडी लहान हाये काय?"

"अरे, जंगल का रस्ता, धूल, गड्ढे… कॅसेट ले जाओ. सुनो मेरी."

दुकानदार वाईट माणूस नव्हता आणि खोटंही बोलत नव्हता. पण "आपके काम का नहीं" हे शब्द देवरावनं आयुष्यभर ऐकले होते. तो तिथल्या स्टुलावर बसला. "वाजवून दाखव," म्हणाला.

दुकानदारानं नाइलाजानं चकती आत सरकवली. सनई होती. कॅसेटची ती सततची खरखर नाही, की काही नाही. वाजवणाऱ्यानं दम घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. बायनाबाई कपड्यांची पिशवी मांडीवर धरून ऐकत राहिली.

"घ्या," ती म्हणाली. "त्यानं नाई म्हणलं म्हणून तर घ्याच."

दुकानात आणखी एक प्रकार होता. त्यात पाच-सहा चकत्यांची पेटी गाडीच्या डिकीत ठेवायची आणि पुढून बटन दाबून हवी ती लावायची. जीपला डिकी कुठली? देवरावनं एका चकतीचा घेतला. सोबत सनईची ती चकती आणि पाठीमागे बसवायला दोन मोठे स्पीकर.

चंद्रपूरच्या नथ्थू मिस्त्रीनं यंत्र डॅशबोर्डाखाली बसवलं. ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबचं रबर कापून त्यानं चारही बाजूंनी गादीसारखं लावलं. तरी गाडी जरा खड्ड्यात आदळली की सनई मधेच तुटायची आणि भलतीकडूनच सुरू व्हायची. देवराव हळू चालवायला शिकला. जन्मभर साहेबांना वेळेवर पोचवायच्या घाईत असलेला हा माणूस आता बैलगाडीच्या मागं मागं जीप चालवायचा. धूळ जाऊ नये म्हणून बायनाबाईनं फटीवर कापडाची झालर शिवून दिली. गावात लोक हसले. देवराव म्हणाला, "हसा. सनईचा आवाज तुमच्याहून मोठा हाये."

मोहटोल्यात एक रीत होती. बौद्धांच्या घरची वरात गुणवंतराव पाटलांच्या घरासमोर आली की वाजंत्री थांबायची. बँडवाले ढोल काखेत मारायचे, पिपाण्या खाली करायचे, नवरदेव मान खाली घालायचा आणि घर मागं पडलं की पुन्हा वाजायला लागायचं. कुणी हे लिहून ठेवलं नव्हतं. देवरावची स्वतःची वरातही तशीच मुकी गेली होती. बायनाबाई तेव्हा गावातल्याच मांडवात वाट बघत होती. आवाज बंद झाला तेव्हा काही वाईट घडलं असं वाटून ती रडायला लागली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी फाट्यावर एसटीतून वऱ्हाड उतरलं. नवरदेव खुशाल राजुऱ्याकडचा, शाळामास्तर. देवरावनं त्याला जीपमध्ये शेजारी बसवलं. मागं बायनाबाई आणि नवरदेवाची आई. पुढं बँड. वाजत गाजत सगळे गावात शिरले, आणि वडाच्या झाडाजवळ बँडमास्तर थांबला.

"देवरावभाऊ, इथून पुढं आमी नाई वाजवत. काल निरोप आला होता. आमाले याच रस्त्यानं परत जायचं हाये."

देवराव रागावला नाही. "तुमी नका वाजवू. माह्या गाडीच्या मागं या."

त्यानं जीप पुढं घेतली, चकती फटीत सरकवली आणि आवाज पूर्ण मोठा केला.

पाटलाच्या घरासमोर रस्त्यात सांडपाण्याची आडवी नाली होती. देवराव जपून गेला, तरी मागचं चाक आदळलं आणि सनई तुटली. एकदम शांत झालं. ओट्यावर बसलेली पाटलाची माणसं खो खो हसली. खुशालनं सवयीनं मान खाली घातली.

देवरावनं तिथंच ब्रेक दाबला. घराच्या अगदी समोर.

"मान वर कर, मास्तर," तो म्हणाला आणि त्यानं पहिल्यापासून सनई लावली. जीप उभी होती. आता तुटायचं कारण नव्हतं.

गुणवंतराव बाहेर आले. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, आवाज न चढवता बोलायची सवय असलेले.

"देवराव, गाडी पुढं घे."

"घेतो. हे होऊन जाऊ द्या."

"किती वेळ चालते ते?"

"मोठी चकती हाये."

गल्लीतली माणसं जमली. पाटलाच्या दोन गड्यांनी जीपसमोर येऊन बोनेटवर हात ठेवले. गुणवंतरावांनी क्षणभर विचार केला. शहाणा माणूस होता, आब राखायची वाट त्यांनी शोधली.

"सोडा रे," ते गड्यांना म्हणाले. "वाजंत्री थोडीच हाये? यंत्र हाये ते. यंत्र वाजून राह्यलं, त्याले काय कळते?"

लोकांना हायसं वाटलं. बँडमास्तरानंसुद्धा मान डोलावली. देवराव गप्प राहिला असता तर वरात निघून गेली असती आणि भांडणही मिटलं असतं.

देवराव जीपमधून खाली उतरला.

"नाई, गुणवंतरावभाऊ. यंत्र नाई वाजवून राह्यलं. मी वाजवून राह्यलो. बटन मी दाबलं. माह्या पोरीच्या लग्नाची सनई हाये, तुमच्या दारासमोर, आणि ते मले कळते."

सनई चालूच होती. मग तो मागं बँडकडे वळला.

"मास्तर, ढोल काढा. पैसे घेतले तुमी वाजवायचे."

बँडमास्तर पाटलाकडे बघायला लागला. तेवढ्यात बायनाबाई उतरली. पदर खोचला आणि सरळ त्या दोन गड्यांसमोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागं वऱ्हाडातल्या बाया आल्या. गडी बाईमाणसाला हात लावेनात आणि बाया हलेनात. शेवटी दोघं बाजूला सरकले, आणि ढोलावर पहिली टिपरी पडली. भीत भीतच पडली, पण पडली. खुशाल जीपमध्ये उभा राहिला होता. सनई आणि बँड यांचा सूर अजिबात जुळत नव्हता. तो सगळा गोंधळ घेऊन वरात मांडवात पोचली. मांडवात कमळानं आईला विचारलं, "मधात काय झालं होतं व?" बायनाबाई म्हणाली, "काई नाई. नाली होती."

पुढं त्रास व्हायचा तो झालाच. गावातली पिठाची चक्की गुणवंतरावांची. दुसऱ्या आठवड्यापासून बौद्धांचं दळण तिथं घेईनासे झाले. कुणी म्हणालं, माफी मागून ये, एका माणसापायी सगळ्यायले काऊन उपास? देवराव गेला नाही. त्यानं ठरावीक दिवशी सगळ्या मोहल्ल्याचं दळण जीपमध्ये भरून गोंडपिपरीला न्यायला सुरुवात केली. बाया पोत्यांवर बसायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या लटारूच्या पोराची वरात निघाली तेव्हा बँडमास्तर वडाजवळ थांबला नाही. गुणवंतरावांनी घराचं दार लावून घेतलं होतं. बौद्धांसाठी चक्की मात्र त्यांनी उघडली नाही, आणि देवरावनंही कधी विचारलं नाही. त्याच्या जीपमध्ये पिठाची धूळ इतकी बसली होती की सीट पांढरी दिसायची, आणि गोंडपिपरीला निघताना पाटलाचं घर आलं की पोत्यांवर बसलेली बुधरी मागून ओरडायची, "देवरावभाऊ, मोठ्यानं लावा ना! गावातूनच जाऊन राह्यलो आपण."