पाचव्या अंकातला मेंढपाळ

बावीस वर्षे मी ती जुनी सुखात्मिका शिकवत आलो होतो. दरबारातून हद्दपार झालेले एक कुटुंब मेंढपाळांच्या कुरणात आश्रयाला येते, पोशाखांची अदलाबदल होते, नको त्याचे नको त्यावर प्रेम जडते आणि पाचव्या अंकात तीन लग्ने लागून सारे राजधानीला परततात. त्या अंकात म्हातारा मेंढपाळ मात्र कुठेच नाही. ज्याने चार अंक सर्वांना पोसले, तोच वरातीतून गायब. माझ्या टिपणांत याविषयी एक वाक्य होते आणि ते मला फार घडीव वाटे : ‘आनंदाच्या भरात नाटककाराला मेंढपाळाचा विसर पडला, विसर पडणे हाही आनंदाचाच एक अलंकार.’

त्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीला नाट्यविद्यालयाच्या प्रवेशासाठी याच नाटकाचे रसग्रहण पाठवायचे होते. ते स्वतःच्या हस्ताक्षरात हवे होते आणि खाली ‘हे विद्यार्थिनीचे स्वतःचे लेखन आहे’ या छापील वाक्याखाली विषयशिक्षकाची सही. सही नसेल तर अर्ज बाद. मुलगी वर्गात सहसा तोंड उघडत नसे; मुले तिला घुमी म्हणत. तिची भाषा ओबडधोबड होती. पण दुसऱ्या पानावर असे लिहिले होते :

‘मेंढपाळाला कुणी विसरलेलं नाही. चौथ्या अंकात तो म्हणतो, काळी मेंढी सकाळपासून कळपाबाहेर उभी आहे, खुरानं जमीन उकरते आहे. म्हणजे ती आता विणार. लग्नं लागतात तेव्हा तो तिच्यापाशी बसलेला आहे. सगळ्या नाटकात ज्याला खरं काम आहे असा तो एकटाच.’

मेंढपाळाचे ते वाक्य मला पाठ होते. मी ते निसर्गवर्णन म्हणून शिकवत असे.

जे मला बावीस वर्षांत दिसले नाही ते या मुलीला दिसणे शक्य नाही, असे मी ठरवले आणि या ठरवण्याला दक्षता हे नाव दिले. चार दिवस ग्रंथालय पालथे घातले. मूळ उतारा सापडला नाही. दुसऱ्या कोणी यावरून चोरी झालेली नाही असा निष्कर्ष काढला असता. मी काढला तो असा, की चोरी सफाईदार आहे. मग तिचे कागद लाल शाईने रंगवून मी वर्गात गेलो.

“हे कुठून उतरवलंस?”

“कुठूनच नाही, सर.”

“मग सुचलं कसं?”

“माझ्या आत्याकडे मेंढ्या आहेत. लहानपणी मी तिच्याकडेच होते.”

मागच्या बाकावरून कोणीतरी ‘बेंऽऽ’ केले. वर्ग फिदीफिदी हसला. मी त्याला दटावायला हवे होते. त्याऐवजी मी म्हणालो, “वा! म्हणजे समीक्षा आता मेंढवाड्यात शिकवतात तर. दुसरं लिहून आण, मग सहीचं बघू.”

ती खाली बसली.

दोन दिवसांनी तिने दुसरे रसग्रहण आणले. रेखीव, संयत, एकही वाक्य जागचे हललेले नाही. मी तिथल्या तिथे सही केली, शाबासकीही दिली आणि सकाळी कार्यालयात देण्यासाठी कागद घरी आणले. जेवणानंतर पत्नीने ते सहज उचलले.

“बघ, कशी सुधारली मुलगी,” मी म्हणालो.

ती वाचत गेली आणि खो-खो हसू लागली. “अहो, हे तर तुमचंच! ‘विसर पडणे हाही आनंदाचाच एक अलंकार.’ लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. शब्दाला शब्द! आणि खाली सही काय ठोकलीत? स्वतःचे लेखन? कुणाच्या स्वतःचे?”

मी कागद हिसकावून घेतले. सही करताना ते वाक्य मला ओळखीचे वाटलेच नव्हते. केवळ बरोबर वाटले होते.

“मग पहिलं काय होतं?” तिने विचारले. मी सांगितले. तिचे हसू थांबले. “म्हणजे पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं ते चोरीचं, आणि तुमचं उतरवलं ते तिचं. धन्य आहे तुमची!”

वाद घालण्यात मी कोणाला हार गेलेलो नाही. त्या वेळी मी ताटे उचलून आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी वर्गापुढे उभा राहिलो. रात्री एक वाक्य रचून ठेवले होते. ‘अनवधान’, ‘परिस्थितिजन्य पुरावा’ असे त्यात बरेच काही होते. ते अर्ध्यावर आले तरी मी काय कबूल करतो आहे हे कोणालाही कळत नव्हते, हे मला समोरच्या चेहऱ्यांवरून दिसले. तेव्हा ते सोडून मी म्हणालो, “तिनं चोरी केली नव्हती. मी तिला खोटं ठरवलं. चूक माझी.”

कोणी हसले नाही. ती बाकाकडे बघत राहिली.

अर्ज देण्याची मुदत त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत होती. पहिले कागद माझ्या लाल शाईने निकामी झाले होते, म्हणून ती शिक्षककक्षात बसून ते पुन्हा लिहू लागली. मी तोवर खिडकीशी उभा होतो. तिने कागद पुढे केले. मी वाचले आणि दुसऱ्या पानावर थबकलो.

“मेंढीचा परिच्छेद राहिला.”

“राहिला नाही, सर. गाळला.”

“अगं, पण तोच तर...”

“तिथंही कुणीतरी विचारेल, कुठून उतरवलं म्हणून. तिथं काय आत्याला घेऊन जाऊ?”

मी समजावले. त्या एका परिच्छेदावर सारे रसग्रहण तोललेले आहे, असे सांगितले. हवे तर मी वेगळे पत्र जोडतो, असेही म्हणालो. ती व्याख्यान ऐकावे तशी अदबीने ऐकत होती. घड्याळात पावणेबारा वाजले.

“सर, सही करताय ना?”

त्या पानांत तिचे म्हणावे असे आता फारसे उरले नव्हते. खालचे छापील वाक्य मी दोनदा वाचले आणि सही केली. शाई वाळेपर्यंत ती थांबली. मग कागदांची घडी घालून, कारकुनाची खिडकी बंद होण्याआधी पोचावे म्हणून धावत जिना उतरली.